अलीकडची तारीख

पोळ्याच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, आमच्या कॉलेजातली एक खिडकी बंद व्हायची. आत बसलेले गृहस्थ उठायचे, दोन्ही झडपा ओढून घ्यायचे, कडी लावायचे, आणि मग दाराने बाहेर येऊन, व्हरांड्यातून कागद सावरत धावत येणाऱ्या माणसाला म्हणायचे, "या, चहा घेऊ." कागद घ्यायचे नाहीत. चहा मात्र आग्रहाने पाजायचे, सोबत आलूबोंडा मागवायचे, घरची खुशाली विचारायचे. असा चहा पिऊन परत गेलेल्यांत विभागप्रमुख होते, उपप्राचार्य होते आणि एकदा तर खुद्द प्राचार्य होते.

खिडकीतले ते गृहस्थ म्हणजे सर. ते आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवत. मी वनस्पतिशास्त्राची. साठ सालाच्या आगेमागे मी अकोल्याहून अमरावतीला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, काटकुळे, कोटाच्या खिशात कायम एक बूच लावलेली रिकामी बाटली. मूळचे हिवरखेडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नागपूरला शिकले, थोडे दिवस मुंबईच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, पण बोली हिवरखेडचीच ठेवली. वर्गात इंग्रजीतून शिकवायचे, कारण तशी रीतच होती. ते संपलं की थेट वऱ्हाडी. मधलं पुस्तकी मराठी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. आमचे प्राचार्य पुण्याचे, सोवळ्या बोलण्याचे. एका सभेत त्यांनी विचारलं की शेवटच्या आठवड्यात लिहिलेली संशोधनाची योजना चांगली का असू शकत नाही. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, घाईत लिवलेलं आन घाईत रांधलेलं, दोन्ही मानसाले लोटा घेऊन पळाले लावते." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो बराच वेळ पुसतच राहिले.

त्या वर्षांत दिल्लीहून कॉलेजांना संशोधनासाठी पैसा मिळायला नुकती सुरुवात झाली होती. आपल्याला काय शोधायचं आहे, कसं शोधायचं आहे, कोणती उपकरणं लागतील, हे सगळं इंग्रजीत लिहून, टाइप करून, प्राचार्यांच्या सहीने नागपूरमार्फत दिल्लीला पाठवायचं. दिवाळीच्या सुमारास ते तिथं पोचलं पाहिजे. पहिल्याच वर्षी आमच्याकडे फजिती झाली. सगळ्यांनी शेवटच्या दिवशी कागद आणून टाकले. अख्ख्या कॉलेजात टाइप करणारे इस्माईलभाई एकटे. त्यांची बोटं सुजली, पानं उलटसुलट झाली, आणि गठ्ठा नागपूरला पोचला तेव्हा तिथली मुदत उलटून गेली होती. एकाचीही योजना पुढं गेली नाही.

मग प्राचार्यांनी ठरवलं की हे काम कुणातरी एकाच्या गळ्यात घालायचं. कुणी मान पुढं करेना. सर म्हणाले, मी करतो, पण एक अट आहे. कॉलेजातली तारीख मी ठरवीन, आणि ती कुणीही, म्हणजे तुम्हीसुद्धा, मला पुढं ढकलायला सांगायची नाही. प्राचार्यांना ती अट फारच किरकोळ वाटली. त्यांनी हसून मान डोलावली. सरांनी तारीख ठरवली ती पोळ्याच्या आदल्या शनिवारची, म्हणजे दिल्लीच्या तारखेच्या कितीतरी अलीकडची. पोळाच का, तर पोळ्याला ते न चुकता हिवरखेडला जात, बैल धुवायला. त्यांचं म्हणणं होतं की बैलाला वर्षातून एकदा सुट्टी मिळते, तर त्या सुट्टीला आपण डोक्यावर ओझं घेऊन जाऊ नये.

दुसऱ्याच वर्षी प्राचार्यांचीच योजना अडकली. ते इतिहासाचे, गाविलगडावरच्या कसल्याशा कागदपत्रांवर त्यांना काम करायचं होतं. शनिवारी नाही जमलं, म्हणून मंगळवारी शिपायाबरोबर कागद पाठवले. सरांनी शिपायाला चहा पाजून कागद परत केले. मग प्राचार्य स्वतः आले. सर उठून उभे राहिले, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि त्यांच्यासाठीही चहा मागवला. प्राचार्यांना समजलं. बाहेर येऊन त्यांनी सरांना हेकेखोर म्हटलं, आणखीही काही म्हटलं, पण दिलेला शब्द मोडला नाही. त्या कागदांच्या कडेला सरांनी, शिपाई चहा पीत होता तेवढ्या वेळात, पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहून ठेवले होते. परत केलेले कागदही ते वाचत. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, तसं काहीसं होतं ते. पुढच्या वर्षी प्राचार्यांची योजना आखाडातच आली.

अलीकडची तारीख आणि दिल्लीची तारीख यांच्या मधल्या दिवसांत सर काय करत, ते मला माझी पहिली योजना दिल्यावर कळलं. माझा विषय संत्र्यावरचा डिंक्या. वरूड, शेंदूरजनाघाट या भागात बहरातली झाडं एकाएकी खोडातून डिंक गाळायला लागत आणि वाळून जात. मी पुस्तकं चाळून बारा पानं लिहिली होती आणि मला ती फार आवडली होती. पोळा करून सर परतले आणि त्यांनी मला बोलावलं. माझी पानं पुढं ठेवून विचारलं, "बाई, झाड मेल्यावर रडते कोन, ते यात कुठी हाये?"

मी म्हटलं, ही शास्त्रीय योजना आहे, त्यात रडण्याचं काय काम. ते म्हणाले, बरं, रविवारी आपण पाहून येऊ.

रविवारी एस.टी.ने आम्ही शेंदूरजनाघाटला गेलो. सरांच्या पत्नीसुद्धा सोबत होत्या. तरुण बाईमाणसाला घेऊन एकट्याने परगावी जाणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी काकूंना आणलं होतं, आणि काकूंनी भाकरी-झुणका बांधून आणला होता. एका बागवानाच्या बागेत आम्ही हिंडलो. अर्धी बाग उभी, अर्धी वाळलेली. बागवान खताबद्दल बोलत होता, पाण्याबद्दल बोलत होता, मी लिहून घेत होते. काकू मात्र त्याच्या बायकोजवळ चुलीशी जाऊन बसल्या. तिथं चुलीत संत्र्याचंच लाकूड जळत होतं. काकूंनी सहज म्हटलं की धूर गोड येतो हो. ती बाई म्हणाली, "गोड येते. पन सात वर्सं पानी पाजलेलं झाड चुलीत घालाले हात उचलत नाई."

सर मागं उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परतीच्या एस.टी.त त्यांनी एवढंच सांगितलं की दिल्लीत बसलेल्या माणसानं ही सात वर्षं वाचली पाहिजेत. झाड लहानपणी मेलं तर माणूस दुसरं लावतो, पण फळाला आल्यावर मेलं तर त्याच्या आयुष्याचा एक तुकडा जातो. ते तू पहिल्या पानावर लिही, बुरशीची लॅटिन नावं मग. ती योजना मी त्यानंतर पुन्हा पुन्हा लिहिली. दर वेळी ते पेन्सिल घेऊन बसत. मी एकदा वैतागून म्हटलं की दिल्लीची तारीख अजून किती लांब आहे. त्यावर ते म्हणाले, "दिल्लीची तारीख कागदासाठी हाये, बाई. आपली तारीख मानसासाठी हाये."

डिंक्याला पैसे मंजूर झाले. मी पेढे घेऊन गेले, तर त्यांनी एक पेढा घेतला आणि म्हणाले, आता काम कर.

त्यांचं स्वतःचं वेड म्हणजे पाणी. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या. विहिरीला पाणी लागलं की गावात लोक आनंद मानत नाहीत, आधी जिभेला लावून बघतात. सर सुट्टीच्या दिवशी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून त्या गावांत जात, आणि खिशातली बाटली भरून आणत. त्यांच्या प्रयोगशाळेच्या मागच्या फळीवर अशा बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीवर गावाचं नाव. आधी ते पाणी चाखायचे आणि मग तपासायचे. काकू म्हणायच्या की यांच्या जिभेला आता माझ्या भाजीतलं मीठ समजत नाही, सारा जिल्हा चाटून झाला आहे.

या कामात त्यांच्यासोबत असायचा त्यांच्याच विभागातला तरुण व्याख्याता, वानखडे. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातला. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करणारे, छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर. दर दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला जायचा. घरातला तो पहिलाच शिकलेला, नुसता शिकलेला नव्हे तर पहिल्या वर्गात आलेला. कमी बोलायचा. त्याला संशोधन करायचं होतं ते सरकीवर. सरकी ढोरांना घालतात, माणूस खात नाही, कारण तिच्यात एक विषारी द्रव्य असतं. ते काढून टाकता आलं तर सरकीच्या पिठात डाळीसारखाच जोर आहे. त्याने मला एकदा सांगितलं होतं की वाईट सालात त्याच्या आईने सरकी उकडून खाल्ली होती, पोरांना दिली नाही, स्वतः खाऊन पाहिली. दोन दिवस ती पोट धरून पडली होती. हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता.

त्याची योजना मी पाहिली होती. खर्चाचा आणि उपकरणांचा भाग तेवढा लिहायचा बाकी होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गावाकडून निरोप आला की शेत निंदायला गेलेल्या आईला साप चावला, तिला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आहे. वानखडे होता तसा निघाला. शनिवारी पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा तो अकोल्याला आईच्या खाटेजवळ बसलेला होता.

पोळ्याला सर हिवरखेडला निघाले, पण पोचलेच नाहीत. वाटेत अकोल्याला उतरले आणि दवाखान्यात गेले. दिवसभर तिथं बसले. वानखडेला झोप काढायला पाठवलं आणि म्हातारीजवळ स्वतः थांबले, तिला चमच्याने पेज पाजली. म्हातारी शुद्धीवर होती. तिने विचारलं की तुमी कोन, तर म्हणाले, मी याच्या कॉलेजात पाणी तपासतो. हे सगळं मला नंतर वानखडेनेच सांगितलं. त्या दिवशी तारखेचा विषय सरांनी काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. त्याने मनाशी धरलं होतं की आता विचारायची गरजच नाही.

आई वाचली. तिला वानखडेचा भाऊ गावी घेऊन गेला, आणि तो स्वतः अमरावतीला परतला. दोन दिवसांत त्याने उरलेलं लिहून काढलं आणि कागद घेऊन सरांच्या खोलीत गेला. मी त्या वेळी शेजारच्या प्रयोगशाळेत होते, दार उघडं होतं. सरांनी आईची तब्येत विचारली, पाय किती सुजलाय विचारलं, डॉक्टर काय म्हणाले विचारलं. मग शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले.

वानखडे कागद टेबलावरच टाकून, चहा न पिता बाहेर आला.

स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात जे बोलणं झालं ते ऐकवत नव्हतं. एकजण म्हणाला, बघा, पाणी तपासायला पोरगा चालतो, पण योजना लिहायला नाही चालत. दुसऱ्याने सरळ जातीचं नाव घेतलं. तिसरा, जो एरवी वानखडेशी धड बोलायचाही नाही, तो म्हणाला की त्यांना सगळीकडे सवलती असतातच, इथं एक नाही मिळाली तर काय बिघडलं. वानखडे वर्तमानपत्र उघडून बसला होता. त्याने पान उलटलं नाही.

मी सरांकडे गेले. माझ्या आवाजाला धार आली होती, ती मी लपवली नाही. मी विचारलं की दवाखान्यात पेज पाजायला जाता आणि चार पानं घ्यायला तुमचा हात पुढं होत नाही, हे कसलं माणूसपण. मी विचारलं की दिल्लीच्या तारखेला अजून महिन्याहून जास्त आहे, मग कुणाचं काय जाणार आहे.

त्यांनी फळीवरची एक बाटली सरळ केली. मग म्हणाले, "मी आज त्याचा कागद घेतला तं लोक म्हनतीन, याची योजना सवलतीत गेली. मंजूर झाली तरी म्हनतीन, नाई झाली तरी म्हनतीन. जल्मभर म्हनतीन. पहिल्या वर्गात आलेला पोरगा हाये तो."

"आन नाई घेतला तं काय म्हनतीन? ते ऐकलं का तुमी?" रागाच्या भरात मीही अकोल्याच्या बोलीवर आले होते.

"ऐकलं," ते म्हणाले. "ते मले म्हनतीन. त्याले नाई."

मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी परत फिरले, कारण तो माणूस त्या दिवसांत झोपत नव्हता, हे कुणालाही दिसत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी वानखडेला बोलावलं आणि मलाही बसायला सांगितलं. त्यांनी स्वतःची योजना पुढं ठेवली, खाऱ्या विहिरींची. ती वेळेत आलेली होती. ते म्हणाले की यातल्या निम्म्या गावांचं पाणी वानखडेने आणलं आहे, निम्मी तपासणी त्याची आहे. तेव्हा योजनेवर मुख्य नाव त्याचं घालू, माझं काढून टाकू. नाव बदलायला मुदतीची आडकाठी नाही. प्राचार्यांशी मी बोललो आहे. हे ते एकही शब्द न अडखळता बोलले, जणू पाठ करून आले होते. मी त्या फळीकडे पाहिलं. कितीतरी वर्षांच्या बाटल्या होत्या तिथं.

वानखडेने कागद हातात घेतले. मग त्याने ते नीट एकावर एक लावले आणि सरांकडे सरकवले.

"सर, विहिरी तुमच्या हायेत," तो म्हणाला. "मले माझी सरकी पाहिजे."

"मंग वर्षभर थांबा लागंन."

"थांबतो."

तो उठून गेला. सर पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक झालं होतं तरी काढतच राहिले.

सरांची योजना दिल्लीहून नामंजूर होऊन आली. कारण दिलं होतं की विषय फारच स्थानिक स्वरूपाचा आहे. स्टाफरूममध्ये कुणी हळहळलं, कुणी मनातल्या मनात खूश झालं. सर म्हणाले, "पानी स्थानिकच रायते ना बाप्पा." आणि पुढच्या रविवारी पुन्हा सायकल टपावर टाकून दर्यापूरकडे गेले. त्या रविवारी वानखडे सोबत गेला नव्हता. ते वर्षभर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. शिपायाबरोबर परत पाठवलेल्या त्याच्या कागदांवर सरांनी नेहमीसारखे पेन्सिलीने प्रश्न लिहिले होते. ते कागद त्याने दिवाळीपर्यंत उघडलेही नाहीत. मग उघडले, आणि एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायला बसला.

सरांनी तारीख बदलली नाही. ती पोळ्याच्या आदल्या शनिवारचीच राहिली, खिडकीही पाचालाच लागत राहिली. पण पुढच्या वर्षापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली. श्रावण लागला की सर संध्याकाळी सायकलवर निघायचे आणि एकेकाच्या घरी जायचे. योजना लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरी. बसायचे, पाणी प्यायचे, आधी घरात कुणी आजारी आहे का ते विचारायचे, आणि मग विचारायचे की किती झालं, काय उरलं. जे उरलं असेल ते तिथंच बसून लिहायला लावायचे. प्राणिशास्त्राच्या एका व्याख्यात्याची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती, आणि तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. सर तिथं गेले, बाकावर मांडीवर कागद घेऊन बसले आणि त्याला म्हणाले, तू फिर, पण फिरता फिरता सांग, मी लिहितो. मुलगी झाली तेव्हा त्याची योजना शेवटच्या पानावर आली होती. मुलगी आधी सरांच्याच हातात दिली गेली, कारण बाप फिरत फिरत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

मी त्यांना एकदा विचारलं की एवढं दारोदार हिंडण्यापेक्षा तारीखच चार दिवस पुढं केली तर. ते सायकलची साखळी बसवत होते. हात काळे झालेले. म्हणाले, "तारीख हालवली का मंग ती कुठीच थांबत नाई, बाई. मानूस हालू शकते. मी मानूसच हावो ना." वानखडेचं नाव निघालं नाही. निघायची गरज नव्हती. तो माणूस चूक झाली असं कबूल करणाऱ्यांतला नव्हता, पण चूक झाली असं वाटलं की पायाने चालत तिच्यापर्यंत जाणाऱ्यांतला होता.

त्या पहिल्या वर्षी वानखडेच्या घरी मात्र त्यांना जावं लागलं नाही. त्याची योजना सगळ्यांत आधी आली. सरांनी ती घेतली, पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. पहिल्या पानावर त्याने आईबद्दल लिहिलं होतं, इंग्रजीत, दोनच वाक्यांत. पोळ्यानंतर बाकीच्यांना दहा दहा वेळा लिहायला लावणाऱ्या सरांनी त्या पहिल्या पानाला पेन्सिल लावली नाही. मागची पानं मात्र त्यांनी नेहमीसारखीच पिंजून काढली, आणि वानखडेही समोर बसून प्रत्येक ओळीवर भांडला. कधी कधी त्या खोलीतून दोघांचे चढलेले आवाज ऐकू यायचे, आणि मला बरं वाटायचं. वर्षभर तिथं फार शांतता होती.

सरकीची योजना मंजूर झाली. आमच्या कॉलेजाला तोवर मिळालेल्या सगळ्या योजनांत ती मोठी होती. स्टाफरूममधल्या एकालाही तिच्याबद्दल काही कमीजास्त बोलायला जागा सापडली नाही.

दोन-तीन वर्षांत सर निवृत्त झाले आणि अकोल्याला राहायला गेले. हिवरखेडला धाकटा भाऊ शेती बघत होता. सरांना दम्याचा त्रास सुरू झाला होता आणि अकोल्याला डॉक्टर जवळ होता. बाटल्या त्यांनी कॉलेजातच ठेवल्या. त्यांच्या जागी तारखेचं काम कुणाकडे गेलं, कसं चाललं, ते सांगण्यासारखं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका सकाळी वानखडे माझ्या घरी आला आणि म्हणाला की अकोल्याला चलता का, आईलाही घेतलं आहे. आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीने गेलो. म्हातारी एका पायाने जरा लंगडत चालायची. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला एक डबा होता आणि तो तिने सबंध प्रवासात कुणाला धरू दिला नाही.

सर अंगणात खाटेवर उशीला टेकून बसले होते. फार वाळले होते. काकूंनी आम्हाला बघितलं आणि पदराला हात पुसत आत चहाला गेल्या. वानखडेने काम कुठवर आलं ते सांगितलं. सरकीतलं विष काढायची रीत बसली होती. ते पीठ आधी उंदरांना घातलं, बरेच महिने घातलं, मग त्याने स्वतः खाल्लं. आता ज्वारीच्या पिठात मिसळून आईने भाकरी केली होती. बाहेरच्या माणसाने खाल्लेली ही पहिलीच भाकरी असणार होती.

सरांनी ताट मागवलं. म्हातारीने फडकं सोडून भाकरी स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात ठेवली. रंग जरा पिवळसर होता. सरांनी एक घास मोडला, नुसताच तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कडू नाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मीठ कमी हाये."

"मीठ मीच कमी घातलं," म्हातारी म्हणाली. "पोट्टा म्हने, खरी चव समजली पाहिजे त्यायले."

सरांनी मान हलवली. आणखी एक घास घेतला. मग ताटाकडे बघतच त्यांनी विचारलं, "वानखडे, त्या साली मी तुले वापस धाडलं. तुले राग आलता का?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्या दोघांत कधीच निघाली नव्हती. मी म्हातारीकडे पाहिलं. ती मुलाकडे पाहत होती.

"आलता, सर."

"गेला का मंग?"

 सरांना तो खोटं सांगू शकला असता, आजारी माणसाला सगळेच सांगतात.

"नाई गेला," तो म्हणाला. "थोडा हाये अजून."

सर हसले नाहीत आणि त्यांना वाईट वाटल्यासारखंही दिसलं नाही. ते नीट ऐकत होते, एखाद्या गावाचं पाणी चाखताना करायचे तसा चेहरा करून. "राहू दे," ते म्हणाले, "इतका तं रायलाच पाहिजे." मग त्यांनी उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले, थोडे सरकून खाटेवर जागा केली, आणि ताट दोघांच्या मधे ठेवलं. वानखडे चपला काढून त्यांच्याजवळ बसला. दोघं एकाच ताटात जेवले. काकू आतून मीठ घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.